द डेव्हिल्स रेन (१९७५): सगळं वितळून जातं तो सिनेमा

खिडकीपाशी

बरेच दिवस या सिनेमावर लिहायचं डोक्यात होतं, परवा ब्लू-रेवर पुन्हा बघितला आणि आता राहवत नाही म्हणून धागा काढतेय. ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघून या, कारण मी शेवट सांगणार आहे. शेवट न सांगता या सिनेमाबद्दल बोलताच येत नाही.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मी सातवीत होते. मे महिन्याची सुट्टी, सांगलीला मामाकडे. व्हीसीआर भाड्याने आणला की भाडं वसूल व्हायला पाहिजे म्हणून एका रात्रीत तीन कॅसेटी बघायच्या असा नियम होता, त्यातली ही शेवटची, रात्री दीडला लावलेली. मामी झोपायला गेलेली, मामेभाऊ भिंतीला टेकून पेंगत होता, मी आणि मामा दोघंच जागे. वाळवंटातलं एकटं घर, बाहेर वादळ, आई नवऱ्याची वाट बघतेय आणि नवरा येतो. पावसात उभा. डोळ्यांच्या जागी डोळेच नाहीत. कॉर्बिसला त्याचं पुस्तक परत द्या एवढं सांगतो आणि तिथल्या तिथे मेणासारखा वितळून चिखल होतो. हे सुरुवातीलाच बरं का! मी मामाचा हात जो पकडला तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. तीनशे वर्षांपूर्वी जोनाथन कॉर्बिस नावाचा सैतानाचा पुजारी असतो, लोकांच्या रक्ताने सह्या घेऊन त्यांचे आत्मे सैतानाला वाहणारा. प्रेस्टन घराण्याचे पूर्वज ते सह्यांचं पुस्तक पळवतात, गावकरी कॉर्बिसला जाळतात. पुस्तक हातात नाही तोवर त्याला ते आत्मे पोचते करता येत नाहीत, म्हणून तो पिढ्यानपिढ्या या घराण्याच्या मागे लागलाय. बस. पुढे थोरला भाऊ मार्क रेडस्टोन नावाच्या ओसाड गावात त्याला आव्हान द्यायला जातो, मग धाकटा टॉम आणि त्याची बायको ज्युली भावाच्या शोधात.

आता नटांची नावं बघा. कॉर्बिस म्हणजे अर्नेस्ट बोर्गनाइन, ज्याला ‘मार्टी’साठी ऑस्कर मिळालेलं. मार्क म्हणजे विल्यम शॅटनर, स्टार ट्रेकचा कॅप्टन कर्क. आई म्हणजे आयडा लुपिनो, जी १९५० च्या दशकात हॉलिवूडमध्ये स्वतः सिनेमे दिग्दर्शित करत होती, जेव्हा बायका दिग्दर्शक म्हणून जवळपास नव्हत्याच. शिवाय टॉम स्केरिट, एडी अल्बर्ट, कीनन विन. आणि पंथातल्या एका बिनडोळ्याच्या पोराच्या भूमिकेत जॉन ट्रव्होल्टा, त्याचा पहिला सिनेमा! चेहऱ्यावर एवढं मेण की ओळखू येत नाही.

मला जे म्हणायचंय ते हे. लोक या सिनेमाला भडक म्हणतात, नाटकी म्हणतात, आहेच तो तसा. पण यातला एकही माणूस प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. बोर्गनाइनला लाल झगा घालून बोकडाचं तोंड आणि शिंगं लावून उभं केलंय आणि तो माणूस खरोखरचा पुजारी असल्यासारखा, घसा फोडून सैतानाला हाक मारतो. लुपिनो घाबरलेली आई करते तर ती खरीच घाबरलेली आई असते. भडक सिनेमे पुष्कळ आहेत, पण सगळ्यांनी मिळून इतक्या मनापासून केलेला भडकपणा फार कमी बघायला मिळतो, आणि म्हणून तो चाळीस वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. तुमचं काय मत? कुणी बघितलाय का?

रातकिडा७

ताई, धन्यवाद या धाग्यासाठी!! मला वाटायचं हा सिनेमा मी एकट्यानेच बघितलाय.

दिग्दर्शकाबद्दल राहिलं म्हणून लिहितो. रॉबर्ट फ्युस्ट, ब्रिटिश. मूळचा चित्रकार आणि सेट डिझाइनवाला, टीव्हीवर ‘द ॲव्हेंजर्स’ या जुन्या ब्रिटिश मालिकेपासून सुरुवात, मग १९७१ मध्ये व्हिन्सेंट प्राइसला घेऊन ‘द ॲबॉमिनेबल डॉक्टर फिब्स’ केला. चित्रकार असल्याचं या सिनेमात पहिल्याच मिनिटाला कळतं, नामावली चालू असताना मागे हिरोनिमस बॉशची चित्रं येतात, नरकातली, पाचशे वर्षांपूर्वीची, आणि त्यांच्यावर विव्हळण्याचे आवाज. बाकी काही नाही. मी हेडफोन लावून ऐकलं आणि काढून ठेवले.

स्पष्टवक्ता_नगर

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मला हा सिनेमा अर्ध्यात बंद करावासा वाटला होता. ८६ मिनिटांचा सिनेमा आणि गोष्ट धड सांगता येत नाही. डॉक्टर कोण, त्याच्या प्रयोगशाळेत टॉमच्या बायकोवर अतींद्रिय शक्तीचे प्रयोग का चाललेत, त्याचा सैतानाशी संबंध काय, काहीही पटत नाही. बाप येतो वितळतो, आई गायब, म्हातारा नोकर उलटा टांगलेला, ठीक आहे, पण ही माणसं कोण आहेत हे कळायच्या आतच त्यांच्यावर संकट, मग मला त्यांची काळजी का वाटावी? अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टनेही तेव्हा कंटाळवाणा म्हणूनच झोडपला होता. चांगले नट घेतले म्हणून पटकथा चांगली होत नाही.

खिडकीपाशी

@स्पष्टवक्ता_नगर राग कशाला, मुद्दा बरोबर आहे, डॉक्टरचं ठिगळ मलाही खटकतं. पण सुरुवातीबद्दल मी भांडणार. आपल्याकडे आजी गोष्ट सांगायची तेव्हा आधी सगळ्यांची ओळख करून द्यायची का? "एक घर होतं, रात्र होती, दारावर थाप पडली" इतकंच. आणि आपण पांघरुणात पाय ओढून घ्यायचो. कोण घरात राहतं हे थापेनंतर कळायचं. हा सिनेमा तसा सुरू होतो, संकट आधीच तीनशे वर्षं चालू आहे आणि आपण मध्येच आत शिरलोय.

डेट्रॉइटची_मावशी

मी हा सिनेमा तेव्हा थिएटरला नाही, ड्राइव्ह-इनला बघितलाय, १९७५ च्या उन्हाळ्यात. लग्न होऊन मिशिगनला येऊन मला एक वर्ष झालेलं. इकडे तेव्हा शुक्रवारी रात्री सगळे गाडी घेऊन मैदानात जायचे, खांबावरचा स्पीकर काढून काचेला अडकवायचा आणि गाडीत बसून सिनेमा. मी फॉइलमध्ये बटाट्याची भाजी-पोळी गुंडाळून नेली होती, साडीवर ह्यांचा स्वेटर घातलेला कारण रात्री गार पडायचं. त्या उन्हाळ्यात जिकडेतिकडे शार्कच्या सिनेमाची चर्चा, हा आम्ही दुसरं काही नाही म्हणून बघितला.

तुम्ही पोरं भडक वगैरे म्हणता पण तेव्हाचं वातावरण वेगळं होतं बाळांनो. चार्ल्स मॅन्सन नावाच्या पंथवाल्याच्या टोळीने केलेले खून १९६९ चे, लोकांच्या मनातून गेले नव्हते. १९७३ ला तो पोरीच्या अंगात भूत शिरण्याचा सिनेमा येऊन गेलेला, थिएटरात माणसं चक्कर येऊन पडली म्हणून पेपरात यायचं. शेजारची बाई, फार चांगली, मला लोणच्याच्या बरण्या द्यायची, ती मला खरंच विचारायची की तुमच्या देवांना इतके हात का, हे त्यातलं तर नाही ना. मी नवीन, इंग्रजी तोडकंमोडकं, काय सांगणार. त्या रात्री पडद्यावर झगे घातलेली माणसं एका सुरात मंत्र म्हणत होती आणि माझ्या मनात आलं, आमची आरती हिला अशीच तर दिसत नसेल? ही भीती माझी वेगळीच होती, सिनेमाची नव्हे. आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतेय.

खिडकीपाशी

मावशी 🙏 तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. अजून आठवतंय ते सगळं लिहा, प्लीज.

रातकिडा७

मावशी, मस्त लिहिलंत. त्याच काळाशी जोडून अजून एक गोष्ट, यात झगेवाल्यांच्या घोळक्यात अँटन लाव्हे स्वतः आहे! सॅन फ्रान्सिस्कोला १९६६ मध्ये ज्याने चर्च ऑफ सेटन, म्हणजे सैतानाचं चर्च, काढलं तो. सिनेमाचा तांत्रिक सल्लागार म्हणून त्याचं नाव आहे आणि छोटी भूमिकापण, बायकोही आहे त्यात. म्हणजे विधी कसे, काय म्हणायचं, खुणा कुठल्या हे विचारायला निर्मात्यांनी थेट त्यालाच बोलावलं. तोही मूळचा शोमनच, ऑर्गन वाजवायचा, टक्कल करून काळा झगा घालून फोटो काढून घ्यायचा. त्यामुळे तो आणि हा सिनेमा एकमेकांना शोभतात.

आणि शूटिंग मेक्सिकोत दुरांगोला. तिथे जॉन वेनच्या कितीतरी वेस्टर्नचं चित्रीकरण झालंय. म्हणून रेडस्टोन गाव असं दिसतं, लाकडी दुकानं, धुळीचा रस्ता, पाण्याचा पंप, फक्त घोड्यांच्या जागी गाड्या आणि गावाच्या टोकाला सैतानाचं चर्च. कॉर्बिस पहिल्यांदा समोर येतो तोही काउबॉय हॅट घालून, भर दुपारी, हसत. बोर्गनाइनच्या पुढच्या दातांमधली ती फट! गावातल्या एखाद्या गप्पिष्ट काकासारखा दिसतो तो, आणि तेच भयानक आहे. भुताखेतांचे सिनेमे अंधारात लपवालपवी करतात, यात निम्मी भीती उन्हात आहे.

खिडकीपाशी

उन्हाचं अगदी अगदी! आणि कॅसेटवर हे कळलंच नव्हतं मला. सिनेमा आडव्या मोठ्या पडद्यासाठी काढलेला, कॅसेटवर टीव्हीच्या चौकोनात बसवायला दोन्ही बाजू कापलेल्या. परवा पहिल्यांदा पूर्ण फ्रेम बघितली. मार्क रस्त्यावर एकटा उभा आहे आणि डावी-उजवीकडे नुसतं रिकामं माळरान पसरलंय, डोंगरापर्यंत काही म्हणजे काही नाही. लहानपणी मी शॅटनरचा चेहरा बघून घाबरले होते, आता त्या रिकाम्या जागेने पोटात गोळा आला. तोच सिनेमा.

मांडवीकाठ

नमस्कार, मी पणजीचा, कॅथलिक घरातला. हा सिनेमा मी कॉलेजला असताना बघितला, मित्राच्या रूमवर, घरी शक्यच नव्हतं, आज्जी रोज संध्याकाळी रोझरी घ्यायची आणि असल्या सिनेमाचं नाव काढलं तरी कपाळावर क्रूस काढायची.

माझ्या डोक्यात जे राहिलं ते वितळणं नव्हे, ते नाव. मार्क हरतो ना, त्याला बांधून घालतात, छळ करतात आणि मग कॉर्बिस त्याचं नाव बदलतो. तू मार्क प्रेस्टन नाहीस, तू मार्टिन फाइफ, तुझा जो पूर्वज माझा होता तो तू. आणि मग त्याचे डोळे जातात. आमच्यात बाप्तिस्म्याला नाव देतात, पाद्री बाळाच्या डोक्यावर पाणी ओततो आणि त्या नावाने ते बाळ देवाच्या घरचं होतं. हा तोच विधी उलटा केलाय! पाणी पण आहे, तो सैतानाचा पाऊस, ज्याच्यात ते सगळे आत्मे अडकलेत, बरणीत कोंडलेला. ज्याने कुणी लिहिलं त्याला हे नीट माहीत असणार, उगीच झगे आणि शिंगं नाहीत ती. आणि पुस्तकात पण शेवटी काय आहे? नावंच. प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याचं एक जाडजूड रजिस्टर असतं, मी आमच्या चर्चमध्ये माझ्या पणजोबांची नोंद त्यात बोट फिरवून शोधलेली आहे, शाई तपकिरी झालेली. हा सिनेमा बघताना मला ते रजिस्टर दिसत होतं.

स्पष्टवक्ता_नगर

@मांडवीकाठ दादा हे मी वाचून गप्प बसलो जरा वेळ. मी बघितला तेव्हा त्या नावाच्या सीनला मला वाटलेलं की आणखी एक पूर्वज घुसडला. तुम्ही म्हणता तसं बघितलं तर तो सीन सिनेमाचा कणा आहे. पटकथा गचाळ आहे यावर मी ठाम आहे, पण हे मान्य.

खिडकीपाशी

@मांडवीकाठ किती सुंदर लिहिलंय! त्यात मी आईची भर घालते. मार्क त्या चर्चमध्ये श्रद्धेच्या जोरावर उभा असतो, गळ्यात ताईत आहे, प्रार्थना म्हणतोय, हटत नाही. आणि मग घोळक्यात त्याला स्वतःची आई दिसते, झगा घातलेली, डोळे गेलेले. तिथे तो मोडतो. ताईताचा साप होतो ते नंतर, खरी हार आधीच झालेली असते.

रंगभूषा_३२

उशिरा आलो धाग्यावर, प्रयोग होता. मी रंगभूषा करतो, नाटकं आणि थोडंफार मालिकांचं काम. शेवटाबद्दल कुणी नीट लिहिलंच नाही म्हणून मी लिहितो, मोठं होईल, चालवून घ्या.

बरणी फुटते, चर्चवर वीज, पाऊस सुरू, आणि पंथातली सगळी माणसं वितळायला लागतात. हे जवळपास दहा मिनिटं चालतं. दहा मिनिटं! आजच्या सिनेमात असली गोष्ट वीस सेकंदांत उरकतील. लोक म्हणतात फार लांबवलंय. मला वाटतं लांबवलंय म्हणूनच ते चालतं. पहिल्या मिनिटाला तुम्ही दचकता, तिसऱ्या मिनिटाला हसू येतं, पाचव्याला कंटाळा, आणि सातव्या-आठव्याला काहीतरी वेगळंच होतं, वाईट वाटायला लागतं. ती माणसं हात पसरून चिखलात रांगताहेत, हिरवा-पिवळा-तांबडा लगदा गालावरून ओघळतोय, वाफ निघतेय, आणि ती मरत नाहीयेत, सुटताहेत. तीनशे वर्षांनी.

आता कामाचं सांगतो. एकांकिका स्पर्धेसाठी मी एकदा भाजलेला चेहरा केला होता, जिलेटिन वापरून. गरम पाण्यात जिलेटिन विरघळवायचं, थोडं ग्लिसरिन, रंग, कोमट झालं की ब्रशने थर द्यायचा, मधे टिश्यू पेपर. आरशात भारी दिसत होतं. स्टेजवर दोन स्पॉट त्या पोराच्या तोंडावर, घाम आला, आणि पंधराव्या मिनिटाला गाल सुटून हनुवटीवर आला. कडेने उचलला जातो आधी, डोळ्याखालून, मग आपल्याच वजनाने खाली. विंगेत उभा राहून मला रडू फुटलेलं. पण पहिल्या रांगेतला एक प्रेक्षक नंतर येऊन म्हणाला की तो गाल खाली येताना बघून माझ्या अंगावर काटा आला, कसं केलंत?

तेव्हापासून मी हा शेवट बघतो तेव्हा मला त्या माणसांचा क्रम दिसतो. आधी कडा, मग डोळ्याखालचा भाग, मग गाल, हाडाचा आकार सगळ्यात शेवटी. कुणीतरी एकेका चेहऱ्यावर तासन्‌तास बसून थर लावलेत, आणि ते सगळं एकदाच वितळणार, दुसरा टेक घ्यायचा तर पहिल्यापासून सगळं. संगणक नव्हता. दुरांगोच्या उन्हात मेण चेहऱ्यावर टिकवायचं आणि मग हवं तेव्हाच वितळवायचं, हे ज्याने केलंय त्याला माहीत. म्हणून कुणी या शेवटाला हसलं की मला आत कुठेतरी लागतं.

डेट्रॉइटची_मावशी

रंगभूषा, तुमचा तो गाल मला दिसला हो. ड्राइव्ह-इनला त्या शेवटाला सुरुवातीला सगळ्या गाड्यांतून हसू ऐकू येत होतं, हॉर्न वाजवत होती पोरं. मग हळूहळू हॉर्न थांबले. मला तेव्हा कळलं नाही का थांबले, तुमचं वाचून आता कळलं.

रातकिडा७

ट्रव्होल्टाबद्दल एक राहिलं. याच शूटिंगला ज्युलीचं काम करणाऱ्या जोन प्रेथरने त्याला सायंटॉलॉजीचं पुस्तक दिलं आणि तो त्या पंथात गेला तो कायमचाच. विशीतला पोरगा, परक्या देशात, पहिला सिनेमा, भूमिका पंथात सामील झालेल्या पोराची. मी हे वाचल्यापासून त्याचे सीन बघताना नेहमी हे मनात येतं. पुढच्या दोन वर्षांत तो जगभर माहीत झाला.

फ्युस्टचं उलट झालं. या सिनेमानंतर त्याला मोठं काम फारसं मिळालं नाही, टीव्हीवर करत राहिला, मग परत चित्रं काढायला लागला. २०१२ मध्ये गेला, बोर्गनाइन पण त्याच वर्षी. मला त्याच्याबद्दल फार हळहळ वाटते. ज्या माणसाने बॉशच्या चित्रांपासून सुरुवात करून तो शेवट काढला त्याला लोकांनी एका सिनेमावरून बाद केलं.

स्पष्टवक्ता_नगर

काल रात्री परत लावला. बायको पण बसली सोबत, ती असले सिनेमे बघत नाही. डॉक्टरचे सीन अजूनही पळवावेसे वाटले, पळवले. पण शेवट पूर्ण बघितला, रंगभूषांनी सांगितलं तसा क्रम बघत, कडा, डोळ्याखाली, गाल. बायकोने मधेच हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "अगं बाई, हे सगळे कुणाचे तरी कुणी असतील ना."

आणि ते शेवटचं! मला आठवतच नव्हतं. सगळं संपलं, चर्च पडलं, टॉम ज्युलीला मिठीत घेतो, आपण सुटलो म्हणून श्वास सोडतो, आणि त्याच्या मिठीत ज्युली नाहीच. कॉर्बिस आहे. हसतोय. आणि ती पोरगी त्या बरणीत, पावसात, काचेवर तोंड आणून टाहो फोडतेय. मी दिवा लावला उठून.

खिडकीपाशी

मामाने पण लावला होता त्या रात्री, ट्यूबलाइट, चटकन पेटेना, फडफडत होती. त्या फडफडीत कॅसेट रिवाइंड होण्याचा आवाज, आणि मामा मला म्हणाला, "मामीला सांगू नकोस हां हे आपण बघितलं." मी आजतागायत सांगितलं नव्हतं. मामा चार वर्षांपूर्वी गेला. मामीला या धाग्याची लिंक पाठवतेय आज.